लिलावातली टॅपेस्ट्री, खुर्ची आणि कसर

तुमच्या कपाटात हातमागावरची पैठणी असेल, तर आज ती काढा आणि पदर उलटा करून बघा. मोर मागच्या बाजूनेही मोरच दिसतो. कारण तो कापडावर नंतर भरलेला नाही, कापड विणतानाच विणलेला आहे. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, आणि ती आपल्या रंगापुरती पुढे जाऊन परत फिरते. युरोपात याच पद्धतीने भिंतभर पडदे विणले गेले. लोकर, रेशीम आणि श्रीमंताची मागणी असेल तर सोन्याचांदीची तारही. त्यांना टॅपेस्ट्री म्हणतात.

इथल्या लिलावांत मात्र हा शब्द फार सैल वापरतात. कॅनव्हासवर सुईने टाके भरलेली खुर्ची असली, तरी तिला सर्रास ‘टॅपेस्ट्री चेअर’ म्हटलेलं ऐकाल. प्रसिद्ध बायो टॅपेस्ट्रीसुद्धा खरं तर लिननच्या कापडावर लोकरीने केलेलं भरतकाम आहे, त्यामुळे लिलाववाल्यांना फार दोष देता येत नाही. पण पैसे आपण देणार असतो, तेव्हा विणलेलं की भरलेलं, हे आधी विचारावं.

जुनी टॅपेस्ट्री विकत घेणं ही हौस आजची नाही. डर्बीशरमधला हार्डविक हॉल तुम्ही एम वनवरून जाताना टेकडीवर पाहिला असेल. तो बांधणाऱ्या बेस ऑफ हार्डविक या चार नवऱ्यांच्या मागे राहिलेल्या, हिशेबाला पक्क्या बाई. १५९२ साली त्यांनी बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे तेरा पडदे घेतले, तेही वापरलेले. मूळ मालक सर ख्रिस्टोफर हॅटन हे पहिल्या एलिझाबेथ राणीचे लॉर्ड चॅन्सलर. ते डोक्यावर कर्ज ठेवून वारले आणि त्यांच्या वारसाने पडदे विकायला काढले. किंमत ठरली ३२६ पौंड १५ शिलिंग ९ पेन्स. पडद्यांवर हॅटन घराण्याची चिन्हं विणलेली होती. ती बदलावी लागणार, म्हणून बेसबाईंनी पाच पौंड कमी करून घेतले. मग पुन्हा विणण्याचा खर्च केलाच नाही! कापडावर आपलं चिन्ह रंगवून घेतलं आणि ती ठिगळं वरून शिवली. हॅटनच्या चिन्हात हरिणी होती, बाईंच्या कॅव्हेंडिश घराण्याच्या चिन्हात सांबर. मग काय, हरिणीला शिंगं फुटली. आपल्याकडच्या मंडईत या बाई कुणाला हार गेल्या नसत्या.

ते तेरा पडदे आजही तिथल्या लाँग गॅलरीत आहेत. उंची सुमारे सहा मीटर, सगळे मिळून लांबी सत्तर मीटरच्या वर. नॅशनल ट्रस्टने एकेक पडदा उतरवून दुरुस्त केला. त्या कामाला २४ वर्षं आणि १७ लाख पौंड लागले, आणि ते २०२३ मध्ये संपलं. खरेदीची आणि दुरुस्तीची रक्कम शेजारी ठेवून बघा. आजच्या पौंडाशी त्या पौंडाची तुलना होत नाही हे खरं, पण जुनं कापड घेणाऱ्याने दुरुस्तीचा आकडा आधी विचारावा, एवढं त्यातून कळतं.

त्या काळात टॅपेस्ट्रीचा मान चित्रांपेक्षा मोठा होता. १६४९ मध्ये चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला आणि नव्या सरकारने त्याचं सामान विकायला काढलं. राफाएलच्या नावावरचं ‘ला पेर्ला’ हे चित्र २००० पौंडांना धरलं होतं. आठव्या हेन्रीच्या काळातल्या अब्राहमच्या कथेच्या दहा पडद्यांची किंमत मात्र ८,२६० पौंड! ते विकले गेले नाहीत, क्रॉमवेलने ठेवून घेतले. हॅम्प्टन कोर्टच्या मोठ्या दिवाणखान्यात ते आजही बघता येतात.

पुढे दिवस फिरले. फ्रान्समध्ये १७९७ साली सरकारने राजवाड्यातले जरीचे पडदे जाळले, राखेतून सोनं-चांदी काढण्यासाठी. इतर ठिकाणी दारासाठी पडदे कापले, उरलेल्या तुकड्यांनी सोफे मढवले. म्हणून आज आपल्या आवाक्यातल्या लिलावात बहुतेक वेळा तुकडाच येतो. त्याची काठपट्टी नीट बघा. घोड्याचा पाय मध्येच तुटला असेल, किंवा एका बाजूची काठ वेगळ्या विणीची असेल, तर तो जोडकाम केलेला तुकडा आहे. तसं घ्यायला हरकत नाही, पण किंमत तुकड्याची द्या.

आणि झाडं निळी दिसली तर दचकू नका. तेव्हा हिरवा रंग दोनदा रंगवून येई, एकदा निळीत आणि एकदा वेल्ड नावाच्या रोपाच्या पिवळ्यात. पिवळा उन्हाने उडतो, नीळ टिकते. त्यामुळे अख्खं जंगल निळं होतं. अस्तर थोडं उसवलेलं असेल तर मागे डोकवा, मूळ हिरवा तिथे सापडतो. पानं पुढून-मागून सारखीच गर्द हिरवी असतील, तर मला तरी शंका येते.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका गावच्या लिलावातून, फक्त फोटो बघून, एक खुर्ची घेतली. वर्णनात ‘जॉर्जियन, भरतकामाची बैठक’ असं होतं. बोली ३०० पौंडांवर थांबली. त्यावर २५ टक्के बायर्स प्रीमियम, त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, म्हणजे ३९० झाले. खुर्ची घरी आली आणि बैठकीवरचे गुलाब झगझगीत किरमिजी निघाले. असा रंग कृत्रिम रंगांचा. विल्यम पर्किनला पहिला जांभळा १८५६ मध्ये सापडला, बाकीचे त्याच्यामागून आले. चौथा जॉर्ज १८३० मध्येच वारला होता. सांगाडा जुना असेलही, पण भरतकाम बर्लिन वूलवर्कचं. जर्मनीतून चौकटीचे छापील नमुने यायचे आणि व्हिक्टोरियन घरांतल्या बायका टाके मोजून ते भरायच्या. अगदी आपल्या दुसुतीवरच्या पोपटांसारखं. हे कळल्यावर माझा राग निम्मा गेला.

उरलेला निम्मा पुढच्या उन्हाळ्यात परत आला. खुर्ची कपाटाशेजारी ठेवली होती. कपाटात बाबांच्या निवृत्तीच्या सत्कारातली लोकरीची शाल होती. ती काढली तर घडीवर सात भोकं. लवंगा ठेवल्या होत्या, कसरीला त्याचं काही नाही. खुर्चीखालचं कापड सोडवलं तेव्हा लोकरीवर पांढुरकी जाळी आणि रेतीसारखे दाणे दिसले. आईला फोनवर सांगायला मला तीन आठवडे लागले.

शाल रफू करून आणली. बैठक सांगाड्यापासून सुटी होत होती, म्हणून ती प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली. त्या पंधरवड्यात आमच्याकडे मटार आणि ओला नारळ बंद होता. आता मी आधी बघायला ठेवलेल्या दिवशी जाते. बॅटरी घेऊन खुर्ची उलटी करते, खिळ्यांची भोकं बघते. बैठक जुनी म्हणतात आणि लाकडात खिळ्यांची एकच रांग, असं असेल तर विचारते. जाळी दिसली तर पुढच्या लॉटकडे जाते. पुढच्या महिन्यात एक पडद्याचा तुकडा येतोय, निळ्या झाडांचा. अस्तराचा एक कोपरा सुटलेला आहे, असं त्यांच्या अहवालात लिहिलंय.