मुंबईंत उतरावें कोठें ?

परगांवीं निघालेल्या माणसापुढें दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. रात्रीं पाठ टेकावयास जागा कोठें मिळेल, हा एक; आणि ती जागा शहराच्या कोणत्या भागांत असावी, हा दुसरा. आज हे दोन्ही प्रश्न सोयीचे व पैशाचे मानले जातात. सावर्ड्याचा प्रवासी गाडींत पाय ठेवण्यापूर्वींच मुंबईंतील खोली ठरवूं शकतो, भाड्याची तुलना करूं शकतो, स्टेशन तेथून किती लांब हेंहि पाहूं शकतो. परंतु मागील शंभर-दीडशें वर्षांकडे वळून पाहिलें तर असें आढळतें कीं, कोंकणांतून मुंबईस जाणारा मनुष्य जागेची निवड करीत नसे. जागाच त्याची निवड करीत असे. तो कोणत्या गांवचा, कोणाच्या ओळखीचा, कोणत्या जातीचा, पानांत काय घेणारा, याचीं उत्तरें मिळाल्यावांचून दार उघडत नसे. मुंबईंतील उतारूंच्या घरांचा इतिहास हा म्हणूनच विश्वासाचा इतिहास आहे. आणि त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूनें तो नाकारलेल्या दारांचाहि इतिहास आहे.

सावर्डें हें रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यांतील, मुंबई-गोवें रस्त्यावरचें गांव. या भागांतील माणसानें मुंबईस जावयाचें तर पूर्वीं जुना राजमार्ग पाण्याचा होता. चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरांतून वाशिष्ठी नदीनें दाभोळच्या खाडींत उतरावयाचें, आणि दाभोळास मुंबईची आगबोट धरावयाची. पावसाळा तोंडावर आला कीं किनाऱ्यावरील बोटी बंद होत. मग कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड गांठावें आणि तेथून आगगाडीनें पुण्यावरून मुंबईस जावें, एवढाच मोठा मार्ग उरे. कोणत्याहि वाटेनें गेलें तरी मुंबईस पोंचणारा उतारू दमलेला, वळकटी व ट्रंक सांभाळीत असलेला आणि शहराच्या पूर्व अंगास उतरलेला असे. बोटीनें आला तर धक्क्यावर, गाडीनें आला तर बोरीबंदरावर. तेथून सामान घेऊन फार लांब जाणें परवडत नसे. कोणत्याहि शहरांत उतारूंच्या वस्त्या कोठें वसतात, याचें पहिलें कारण हेंच असतें: जेथें प्रवास संपतो, त्याच्या हांकेच्या अंतरावर त्या वसतात.

त्या काळच्या मुंबईंत नामांकित हॉटेलें नव्हतीं असें नाहीं. काळ्या घोड्याजवळील वॉटसनचें हॉटेल १८७१ सालीं सुरू झालें. त्याची लोखंडी चौकट इंग्लंडांतून तयार होऊन आली होती, आणि ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम याच इमारतींत दाखविलीं गेलीं. तें हॉटेल युरोपियन पाहुण्यांसाठीं होतें. पुढें १६ डिसेंबर १९०३ रोजीं अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचें ताजमहाल हॉटेल उघडलें. गेटवे ऑफ इंडियाची कमान तेथें उभी राहण्यास अद्याप वीस वर्षें अवकाश होता. विलायतेच्या बोटींतून उतरणाऱ्या श्रीमंताला हें हॉटेल समोरच दिसे. दाभोळच्या बोटींतून उतरणाऱ्याला मात्र त्याचें नांव ऐकूनच समाधान मानावें लागे. मराठी भाषेनेंहि या शब्दाची गंमतीची वांटणी केलेली आहे. ‘हॉटेल’ म्हटलें कीं सामान्य मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें चहाचा कप आणि भज्यांची बशी येते, पलंग येत नाहीं. राहण्याच्या जागेला त्याचे शब्द निराळे: धर्मशाळा, बिऱ्हाड, खाणावळ, लॉज. शब्द निराळे होते, कारण व्यवस्थाहि निराळ्या होत्या.

धर्मशाळा ही त्यांतली सर्वांत जुनी व्यवस्था. सी. पी. टँकच्या परिसरांतील माधवबाग व हिराबाग या धर्मशाळा व्यापारी घराण्यांच्या दानांतून उभ्या राहिल्या. मात्र दानाला बहुधा दात्याच्या जातिधर्माची मर्यादा असे, आणि मुक्कामालाहि दिवसांची मर्यादा असे. यात्रेकरूला ती पुरे. कोर्टाच्या कामासाठीं किंवा परीक्षेसाठीं येणाऱ्या मध्यम वर्गाला पुरी पडेना. त्याच्यासाठीं गिरगांव व क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास खाणावळी आणि भोजनासह राहण्याचीं घरें निघालीं. गिरगांवची वस्ती मराठी, आळींतली भाषा ओळखीची, कोर्ट-कचेऱ्या व कॉलेजें ट्रामनें जवळ, आणि ताटांतली आमटी घरच्यासारखी. राहण्याचें घर निवडण्यापूर्वीं मनुष्य जेवण निवडीत असे, आणि जेवणामागोमाग मोहल्ला आपोआप ठरे.

अशा घरांत क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहाचें नांव महाराष्ट्राच्या इतिहासांत कायमचें कोरलें गेलें. रत्नागिरीस १८५६ सालीं जन्मलेले लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे सरदारगृहांत उतरत. पुढाऱ्याचा मुक्काम म्हणजे कार्यकर्त्यांचा दरबारच. उतारूंच्या त्या घराला त्यामुळें राजकीय ठाण्याचें महत्त्व आलें. १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचें देहावसान झालें तेंहि तेथेंच, आणि लोटलेल्या अफाट जनसमुदायासह त्यांची अंत्ययात्रा तेथूनच चौपाटीकडे निघाली. स्वतःच्या घरापासून दूर, भाड्याच्या खोलींत आलेलें हें मरण कोणास परकें वाटलें नाहीं. कारण तें घर त्यांना नेहमींच आपलें मानीत आलें होतें.

तथापि चिपळूण, संगमेश्वर, खेड या तालुक्यांतून येणारे बहुसंख्य लोक सरदारगृहाचे उतारू नव्हते. ते गिरणींत जाण्यासाठीं येत. मुंबईची पहिली कापडाची गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली व १८५६ सालीं चालू झाली. पुढें भायखळा, लालबाग, परळ, डिलाइल रोड, वरळी या भागांत धुराडीं उभीं राहिलीं आणि त्यांच्या पायथ्याशीं चाळी उठल्या. या चाळींतून कोंकणी माणसानें एक व्यवस्था निर्माण केली, तिला बैठकीची किंवा गांवकीची खोली म्हणत. एका गांवचे, पुष्कळदां एकाच वाडीचे लोक मिळून एक गाळा भाड्यानें घेत. भाडें सर्वांत वांटलें जाई. दहा-बारा फुटांच्या त्या जागेंत वीस-वीस, तीस-तीस माणसांचे बिछाने असत. गिरणी पाळ्यांवर चाले म्हणून खोलीहि पाळ्यांवर चाले. एक कामावर निघाला कीं दुसरा त्याच जागीं अंग टाकी. ज्याच्या त्याच्या ट्रंका फळीवर, कपडे दोरीवर, आणि भाड्याचा हिशेब वहींत. जेवण शेजारच्या खाणावळवालीकडे. तीहि बहुधा कोंकणांतलीच, कित्येकदां नवऱ्यामागें संसार ओढणारी बाई. याच खाणावळवाल्या बायांना संघटित करण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें.

गांवांतून नवा मुलगा निघाला कीं त्याच्या खिशांत पत्ता एकच असे: अमुक चाळ, अमुक माळा, अमुक गांवाची खोली. धक्क्यावर उतरल्यापासून त्या दारापर्यंत पोंचला कीं तो सुखरूप पोंचला, असें घरीं समजत. तेथें त्याला पहिल्या महिन्याचें भाडें सांभाळून घेतलें जाई, जॉबरकडे नेलें जाई, आजारी पडला तर औषध आणलें जाई. गांवच्या शाळेला, देवळाला, विहिरीला लागणाऱ्या वर्गण्या याच खोल्यांतून जमत. गोमंतकांतील ख्रिस्ती लोकांनींहि याच धर्तीवर धोबीतलाव, गिरगांव, माझगांव या भागांत आपापल्या गांवांचीं ‘कुडें’ उभारलीं. बोटीवर नोकरी करणारा खलाशी, आचारी किंवा वाजंत्री दोन सफरींच्या मधल्या दिवसांत तेथें उतरे. गांव आपल्या माणसांसाठीं शहरांत खोली राखतें, ही कल्पना कोणा सरकारनें काढलेली नव्हती. ती गरिबांनीं गरजेंतून काढली.

परंतु ज्या खोलीला गांवाचें नांव असे, तिच्यांत गांवची रचनाहि येई. गांवांत ज्यांच्या वाड्या निराळ्या, त्यांच्या खोल्या मुंबईंतहि निराळ्या. ज्याला गांवच्या पाणवठ्यावर बंदी, त्याला खाणावळीच्या पंक्तींत कोठून जागा ? अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना उतरावयास आपल्याच लोकांची दाटीवाटीची चाळ शोधण्यावांचून गति नव्हती. मंडणगड तालुक्यांतील आंबडवें हें ज्यांचें मूळ गांव, त्या आंबेडकर कुटुंबाचें बिऱ्हाड परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत होतें. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठीं हा ट्रस्ट १८९८ सालीं स्थापन झाला होता. मुंबईंत निदान अशी एक चाळ तरी होती. बाहेर तीहि नव्हती.

भीमराव आंबेडकर १९१७ सालीं परदेशांतील उच्च शिक्षण घेऊन परतले आणि बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. त्यांच्यापुढें पहिला प्रश्न हाच होता: उतरावें कोठें ? हिंदु हॉटेलांत जागा मिळणार नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. एका पारशी पथिकाश्रमांत, नोंदवहींत पारशी नांव लिहून, ते राहिले. खोली वरच्या मजल्यावर, अंधारी. सोबतीला दुसरा उतारू नाहीं. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव जिन्यांत उभा राहिला आणि त्यांना त्याच दिवशीं जागा सोडण्यास सांगण्यांत आलें. दोन परिचितांनीं घरीं ठेवून घेण्यास असमर्थता दाखविली. अमेरिकेंत व इंग्लंडांत शिकलेल्या त्या विद्वानाला बागेंत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहावी लागली. ही हकिगत त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे. एकाच रत्नागिरी जिल्ह्याशीं नातें सांगणाऱ्या दोन थोर पुरुषांपैकीं एकासाठीं उतारूंचें घर मरणोत्तरहि स्मारक झालें, आणि दुसऱ्याला तें डोकें टेकण्यापुरतेंहि मिळालें नाहीं.

हा अन्याय केवळ एकट्याचा नव्हता, म्हणूनच तो कायद्याचा विषय झाला. ऑगस्ट १९२३ मध्यें सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे, असें त्यांत होतें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे; कारण त्याच ठरावाच्या आधारें २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. पण त्या ठरावांत पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाहि होत्या, याचा मात्र पुष्कळांना विसर पडतो. तहान आणि निवारा या प्रवाशाच्या दोन पहिल्या गरजा तेथें शेजारीं शेजारीं लिहिल्या गेल्या. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें दुकानें, उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासहि अटकाव करण्यास मनाई केली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते बडोद्याच्या पथिकाश्रमांतून निघावें लागलेले तेच उतारू.

त्यानंतर मुंबईचा नकाशा पालटला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरणगांव उतरणीस लागलें, आणि बैठकीच्या खोल्यांतील वर्दळहि ओसरत गेली. २६ जानेवारी १९९८ पासून कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. सावर्ड्याला स्वतःचें स्टेशन मिळालें. बोटीचा धक्का मागें पडला आणि कोंकणच्या उतारूच्या तोंडीं गिरगांवाऐवजीं दादर, ठाणें हीं नांवें आलीं. जेथें प्रवास संपतो तेथें मुक्काम, हा जुना नियम मात्र तसाच राहिला.

आजचा प्रवासी खोली ठरवितांना भाडें, स्वच्छता, पाणी, आणि स्टेशनचें अंतर विचारतो. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण इतकेच प्रश्न पुरेसे व्हावे यासाठीं एका संपूर्ण पिढीला झगडावें लागलें. तो झगडा सर्वस्वी संपला असें म्हणवत नाहीं. दोन दिवसांच्या खोलीसाठीं कोणी जात विचारीत नसेल. परंतु कायमचें बिऱ्हाड भाड्यानें पाहूं लागणाऱ्याला आडनांव आणि आहार अद्यापि विचारला जातो. उतारूला दार उघडण्याचा धडा शहरानें बऱ्याच अंशीं गिरविला आहे; शेजाऱ्याला दार उघडण्याचा धडा पुरा व्हावयाचा आहे.