दुर्बल बलाचे दूत

मालात तूट किती आली हे सांगावयाचे, तर मूळ माल किती निघाला हे आधी ठाऊक हवे. पेठेतला हा साधा हिशेब पदार्थविज्ञानालाही चुकलेला नाही, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

सूर्य तेवत राहतो त्यात ज्या बलाचा हात आहे, त्याला दुर्बल बल म्हणतात. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी, परदेशी सहकाऱ्यांसह, कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणात उपजलेले न्यूट्रिनो टिपले, ते ह्याच बलामुळे. त्याचे वाहक कण म्हणजे डब्ल्यू व झेड बोसॉन; ‘बोसॉन’ हे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोसांवरून पडले. हे दोन्ही कण १९८३ साली जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत सापडले. डब्ल्यू प्रोटॉनाच्या सुमारे ८६ पट जड, झेड ९७ पट. कार्लो रुबिया व सायमन व्हान डर मेर ह्यांना त्याबद्दल १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नोव्हेंबर २०१० मध्ये सर्नच्या नव्या यंत्रात शिशाची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळविण्यात आली. अशा टकरीत सूर्याच्या गाभ्याहून लाखपट तप्त असा क्वार्क व ग्लुऑन ह्यांचा रस निमिषमात्र तयार होतो. त्यातून बाहेर पडणारे कणांचे झोत क्षीण झालेले दिसले. पण झोत मुळातच कमी निघाले नसतील कशावरून?

येथे झेड साक्षीला आला. जतच्या यल्लम्मा देवीच्या यात्रेत गावचा माणूस पावलोपावली अडतो, अनोळखी परगावचा सरळ पार होतो. झेडपासून निघणारी म्यूऑनांची जोडी ह्या रसातून तशीच पार होते. सीएमएस प्रयोगाला पहिल्या हंगामात असे ३९ झेड मिळाले. प्रोटॉनांच्या टकरीचे गणित मांडून, शिशाच्या अणुकेंद्रांत अशा टकरी किती होतात त्या संख्येने गुणले, तेव्हा हा आकडा जुळला. मूळ माल पुरा होता. तूट वाटेतच आली होती.

ह्याच प्रयोगात, चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर निसटणारी ऊर्जा मोजणारा थर उभारण्यात टाटा संस्थेचा मोठा वाटा आहे. पुढे २०१६ च्या प्रोटॉन व शिसे ह्यांच्या टकरींत डब्ल्यू मोजले गेले. अणुकेंद्रात बांधलेला प्रोटॉन मोकळ्या प्रोटॉनासारखा तंतोतंत नसतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. म्हणजे मापालाही बारीक दुरुस्ती लागली. नव्या कणाच्या शोधाने शास्त्राची कीर्ती होते. त्यावरचा विश्वास मात्र अशा धिम्या मोजदादीनेच वाढतो.