पडताळा आणि सिद्धता

1, 3, 5, 7 अशा विषम संख्या ओळीने मिळवत गेले की बेरीज 1, 4, 9, 16 अशी येते. म्हणजे दर वेळी वर्गसंख्याच. प्राचीन ग्रीकांना हे खड्यांच्या चौकोनी मांडणीवरून दिसले होते. सिसिलीच्या मॉरोलिकोने 1575 साली छापलेल्या ग्रंथात ते पायरीपायरीने सिद्ध केले: कोणत्याही वर्गात पुढची विषम संख्या मिळवली की पुढचा वर्ग मिळतो. पहिली पायरी खरी, म्हणून दुसरी. दुसरी खरी, म्हणून तिसरी. पास्कलच्या 1665 च्या ग्रंथात हीच रीत अधिक स्वच्छ शब्दांत आहे.

इंग्लंडच्या वॉलिसला एवढा खटाटोप नको होता. 1656 साली त्याने चार-सहा उदाहरणे तपासून खुशाल सर्वसाधारण नियम मांडले आणि या रीतीला ‘विगमन’ म्हटले. फर्माने त्यावर हरकत घेतली. गंमत अशी, की फर्मा स्वतःच अशा एका अटकळीच्या मोहात पडला होता. 2 चा 1, 2, 4, 8, 16 वा घात घेऊन त्यात 1 मिळवला की 3, 5, 17, 257, 65,537 येतात. या पाचही मूळ संख्या आहेत, तेव्हा पुढच्याही असणारच, असे त्याला वाटे. सिद्धता मात्र त्याच्याजवळ नव्हती. 1732 साली ऑयलरने सहावी संख्या फोडून दाखवली: 4,29,49,67,297 = 641 × 67,00,417.

पायऱ्यांच्या रीतीला ‘गणिती विगमन’ हे नाव रूढ झाले ते 1838 च्या डी मॉर्गनच्या लेखानंतर. हा डी मॉर्गन जन्माने मदुराईचा.

नुसता पडताळा कधीच पुरत नाही, असेही नाही. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांना 6174 ही संख्या आकड्यांशी खेळतानाच सापडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी आणि तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी; आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा पुन्हा केले की शेवटी नेहमी 6174 येते. 3524 वरून 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174; त्यापुढे 6174 च येत राहते. हजारो संख्या तपासाव्या लागतील असे वाटते, पण वजाबाकी फक्त दोन फरकांवर ठरते: सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांचा, आणि मधल्या दोन अंकांचा. अशा जोड्या 54 च होतात. त्या सगळ्या तपासल्या की सिद्धता पुरी होते, आणि सातपेक्षा जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत हेही कळते.