घरदुरुस्तीचा पैसा : पतपेढी ते कार्ड

आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. घरोघरी फरशा, ओटे, बाथरूम नव्याने करणे चालू आहे (जिन्यातल्या रेतीबद्दल इथे लिहीत नाही!). सगळी नोकरी बँकेत केलेल्या माणसाने थोडा मागचा हिशेब सांगावा म्हटले.

आमच्या उमेदीच्या काळात घराचे काम काढायचे तर ऑफिसची पतपेढी, प्रॉव्हिडंट फंडातली उचल, नाहीतर भिशीचा नंबर. पतपेढीचा हप्ता पगारातून परस्पर कापला जाई, व्याजाचा दर आधीच माहीत असे. १९८० मध्ये सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड काढले, तेव्हा ते साहेबलोकांचे वाटे. १९९८ मध्ये स्टेट बँकेचे कार्ड आले आणि पुढे 'शून्य टक्के हप्त्यां'च्या जाहिराती. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावले, की यात व्याज प्रोसेसिंग फीच्या आड दडवले जाते. असल्या योजना नकोत. मग 'नो कॉस्ट ईएमआय' आले. यात व्याज असतेच, तेवढी सूट किमतीत दाखवतात. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्या माथी.

खरी गोम पुढे आहे. बिल पूर्ण न भरता नुसते 'मिनिमम' भरले, की बिनव्याजी मुदत गेली. कित्येक कार्डांवर महिना साडेतीन टक्के लागतात, म्हणजे लाखाला महिन्याला साडेतीन हजार! आणि टाइल्सवाला कार्ड घेतो हो, गवंडी रोखच मागतो.

कुणाला हप्त्याचा कागद दाखवायचा असेल तर संध्याकाळी बागेतल्या बाकावर या. चष्मा मी आणीन.