चाळिशीची काच

चाळिशी हा आपल्या भाषेतील मोठा मार्मिक शब्द आहे. तो वय सांगतो आणि त्या वयाबरोबर नाकावर येणारा चष्माही सांगतो. वयोमानानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होते व जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते. ज्यांना दूरचेही नीट दिसत नाही, त्यांनी काय करावे? अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ मधील एका पत्रात आपला उपाय सांगितला आहे : एकाच चौकटीत वरची अर्धी काच दूरची आणि खालची अर्धी जवळची. हाच बायफोकल चष्म्याचा पूर्वज. परंतु मधली रेघ डोळ्यांना खुपे, आणि हातभर अंतरावरची वस्तू दोन्ही काचांतून धूसरच राही.

ही रेघ पुसून नंबर वरून खाली क्रमाने वाढवीत न्यावा, या कल्पनेचे पेटंट इंग्लंडमध्ये ओवेन एव्ह्ज यांनी १९०७ मध्ये घेतले. तथापि ते भिंग बाजारात आले नाही. ते यश फ्रान्समधील अभियंता बेर्नार मेतनाझ यांना लाभले. त्यांचे ‘व्हॅरिलक्स’ भिंग १९५९ मध्ये विक्रीस आले आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्याचे युग सुरू झाले.

मात्र या सोयीचे मोल द्यावेच लागते. मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिले की, मध्यरेषेवर नंबर ज्या गतीने वाढतो, त्याच्या दुप्पट गतीने रेषेच्या दोन्ही बाजूंस दृष्टीची विकृती वाढते. म्हणून अशा भिंगाच्या कडांतून पाहताना वस्तू वाकड्या व तरंगत्या भासतात.

आता जुन्या व नव्या भिंगांतील भेद पाहू. जुन्या पद्धतीत चढत्या नंबराचा पुढचा पृष्ठभाग कारखान्यात साच्यावर आधीच तयार होई. असे साचे मोजकेच असत. ग्राहकाचा नंबर नंतर मागील बाजूस कठीण हत्याराने घासून उतरवीत. त्यामुळे ज्याचा नंबर साच्याच्या मूळ हिशेबाजवळचा, त्याला भिंग उत्तम लाभे. ज्याचा त्यापासून दूरचा, त्याचा स्पष्ट दृष्टीचा पट्टा आक्रसे. शिवलेला अंगरखा आणून तो अंगाला जुळवून घेण्यासारखेच हे होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाने हे चित्र पालटले. आता हिऱ्याच्या टोकाचे हत्यार संगणकाच्या आज्ञेनुसार बिंदुगणिक पृष्ठभाग कोरते आणि मऊ गादीने त्यावर झिलई चढते. नंबर, दोन बाहुल्यांतील अंतर, चौकटीचा कल, डोळा व काच यांमधील अंतर, हे सारे गणितात धरता येते. अनेक रचनांत चढता नंबर मागील पृष्ठभागावर, म्हणजे डोळ्याच्या अधिक जवळ असतो. त्यामुळे दृष्टीचा पट्टा काहीसा रुंद भासतो.

तरीही मिंकविट्झचा नियम संगणकालाही मोडता आलेला नाही. विकृती हलविता येते, पसरविता येते. नाहीशी करता येत नाही. शिवाय जुनीच रचना नव्या यंत्रावर कोरली, तरी तिलाही ‘डिजिटल’ म्हणता येते. तेव्हा ग्राहकाने केवळ त्या नावावर पैसे मोजू नयेत. आपली मापे चष्मा नाकावर ठेवून घेतली काय, हे आधी विचारावे. माप चुकले, तर उत्तम यंत्रही चुकीचेच भिंग अचूकपणे कोरील. आणि काच नवी असो वा जुनी, जिना उतरताना मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहावी. खालचा भाग पुस्तकासाठी आहे, पायरीसाठी नव्हे.