किरणोपचार आणि मूत्राशय

प्रोस्टेट ग्रंथि आकारानें अक्रोडाएवढी; परंतु निसर्गानें तिला जागा दिली ती मूत्राशयाच्या अगदीं मुखाशीं, आणि मूत्रमार्ग जातो तो तिच्याच पोटांतून. या ग्रंथीस कर्करोग जडला म्हणजे घरांतच चोर दडल्यासारखी स्थिति होते. घरास धक्का न लावतां चोर कसा धरावा, या चिंतेभोवतीं किरणोपचाराचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास फिरत आला आहे.

क्यूरी पतिपत्नींनीं १८९८ मध्यें रेडियमचा शोध लावला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत पॅरिसच्या पास्तो या शल्यवैद्यानें मूत्रमार्गांत नळी सरकवून तिच्यावाटे रेडियम ग्रंथीपाशीं नेलें. अमेरिकेंत ह्यू यंग यानेंहि ती वाट धरली. ज्या मार्गास जपावयाचें त्यांतूनच निखारा न्यावयाचा! १९५० नंतर कोबाल्टचीं व पुढें लिनिअर ॲक्सिलरेटरचीं यंत्रें आलीं आणि किरण बाहेरून, नेम धरून सोडतां येऊं लागले. त्रास कमी झाला. नाहींसा झाला नाहीं.

हा त्रास दोन प्रकारचा. पहिला उपचार चालू असतांनाच होतो: लघवीस आग, रात्रीं वारंवार उठणें, धार बारीक होणें. उपचार संपल्यावर कांहीं आठवड्यांत बहुधा तो शमतो. दुसरा मात्र कपटी. सूक्ष्म रक्तवाहिन्या आक्रसून मूत्राशयाचें अस्तर दुबळें होतें, आणि महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, लघवींतून रक्त जातें किंवा मूत्रमार्ग अरुंद होतो.

मुंबईस परळ येथें १९४१ मध्यें उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयानें या प्रश्नाची मोठी परीक्षा घेतली. २०११ ते २०१७ या काळांत रोग बळावण्याचा धोका अधिक असलेले २२४ रोगी निवडले. ११४ जणांच्या केवळ ग्रंथीच्या भागावर, तर ११० जणांच्या ओटीपोटांतील लसीकाग्रंथींवरहि किरण सोडले. पांच वर्षांअखेर रक्ततपासणींत रोग परतल्याची खूण न दिसलेले दुसऱ्या गटांत शेंकडा ९५, पहिल्यांत सुमारें ८१. परंतु मागाहून उद्भवणारे मूत्रविकार दुसऱ्या गटांत दुपटीहून अधिक आढळले, आणि तेवढ्या काळांत आयुष्यमानांत लक्षणीय अंतर पडलें नाहीं. लाभ खरा, किंमतहि खरी. ती रोग्यास आधीं सांगितलीच पाहिजे.

बेलापूर स्थानकावर गाडी धरून मुंबईस जाणाऱ्या प्रवरेकाठच्या वृद्धास पांच आठवड्यांचा मुक्काम जड असतोच. त्यांत लघवीची तक्रार सुनालेकींपुढें काढणें त्याहून जड. उन्हाळी लागली म्हणून धण्याचें पाणी पीत राहणें आणि वर्षांनंतर दिसलेलें रक्त लपविणें, हें या संकोचाचें फळ. अशा वेळीं पूर्वीं किरण घेतल्याचें वैद्यास सांगावें.

प्रत्येक बैठकीपूर्वीं ठराविक पाणी पिऊन मूत्राशय भरून ठेवावयास सांगतात, तेंहि निरर्थक नव्हे. भरलेल्या मूत्राशयाचा बराच भाग वर सरकून किरणांच्या वाटेबाहेर जातो. रिकाम्या मूत्राशयानें मेजावर पडल्यास किरणांचा नेम तोच राहतो, झळ मात्र अधिक भागास लागते.