जुन्या मॉनिटरवर गेमिंग: स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड कोणतं?

आळंदीत इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपासच्या रूमवर ऑफिसातून निघालेला सेकंडहँड पीसी आणि १३६६×७६८ चा जुना मॉनिटर अशी जोडी सहज दिसते. त्यावर गेम खेळायला महागडं कार्ड लागत नाही. या स्क्रीनवर साधारण साडेदहा लाख पिक्सेल असतात, फुल एचडीवर जवळपास पावणेएकवीस लाख. म्हणजे कार्डाचं काम निम्म्यावर येतं. शिवाय मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० च्या वर फ्रेम दिसणारही नाहीत.

आधी कॅबिनेट उघडून बघा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि ऑफिस पीसीच्या एसएमपीएसला कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसते. म्हणून २०१६ चं ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय, त्यातही जादा वायर न लागणारं मॉडेल, अजूनही कामाचं आहे. आरएक्स ६४०० नवं आहे, पण ते चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर मार खातं. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल कार्डच बसेल.

जीटी १०३० घेताना खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलंय ना, ते वाचा. डीडीआर४ वालंही त्याच नावानं विकलं जातं, पण त्याच्या मेमरीचा वेग जेमतेम एक तृतीयांश. जीटी ७१० गेमिंगला नकोच, दुकानदार '२ जीबी आहे' असं कितीही सांगो.

आणि हो, व्हीजीए! जुन्या मॉनिटरला अनेकदा तेवढंच पोर्ट असतं, १०५० टीआयवर ते नसतं. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा लागेल, नुसत्या केबलनं चित्र येत नाही.

सेकंडहँड कार्डाचे पैसे देण्याआधी जीपीयू-झेड चालवून बघा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं बनावट कार्ड असेल, तर ते बहुतेक वेळा नावापुढेच 'फेक' दाखवतं.